मोफत चाचणीचे १८,४९४ रुपये

माझी मुलगी १९ वर्षांची आहे. निकाल लागल्यापासून ती अर्ध्या जेवणावरून उठू लागली, रात्र रात्र जागू लागली आणि डॉक्टरांकडे यायला मात्र तयार होईना, तेव्हा समुपदेशनाचे एक ॲप मीच शोधून तिला दिले. चूक माझी, हे मान्य. पण पहाटे भिंतीकडे तोंड करून बसलेले आपले मूल ज्यांनी पाहिलेले नाही, त्यांनी मला शहाणपण शिकवू नये.

आरंभ मोफत चाचणीने झाला. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण. तिला २७ पैकी १२ मिळाले आणि पडद्यावर लाल अक्षरांत 'गंभीर नैराश्य' असे उमटले, त्याच्या खालीच पैसे भरण्याचे बटण. ही पीएचक्यू-९ नावाची, कोणालाही विनामूल्य वापरता येणारी प्रश्नावली आहे, तिच्यात १० ते १४ गुण म्हणजे मध्यम लक्षणे आणि ती केवळ प्राथमिक चाळणी आहे, निदान नव्हे, हे मला फार उशिरा कळले. त्या दिवशी मी ४९९ रुपये भरले आणि दुसऱ्या दिवशी बारा आठवड्यांच्या योजनेचे ११,९९९.

तिसऱ्या आठवड्यात मुलगी म्हणाली, "आई, मी कितीही लांब लिहिलं तरी त्या समुपदेशक बाईंचं उत्तर आठ सेकंदांत येतं, आणि काल सांगितलेलं त्यांना आज आठवत नाही." यावर मी काय म्हणावे? "त्या तज्ज्ञ आहेत, तूच मनापासून लिहीत नसशील." तिने लबाडी ओळखली होती आणि मी तिलाच दोष दिला. तरीही मनात शंका होतीच, म्हणून मी नोंदणी क्रमांक मागितला. 'गोपनीयतेच्या धोरणामुळे देता येत नाही' असे उत्तर आले आणि त्यातील सभ्य भाषेवर मी भाळले. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते व ती कोणालाही पाहता येते. तो क्रमांक लपवणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

योजना संपल्यावर ॲप काढून टाकले, तरी दरमहा १,४९९ रुपये चार वेळा कापले गेले. वजावटीच्या किमान २४ तास आधी सूचना येते, तशी ती आलीही होती; जाहिरातींच्या गर्दीत मी ती वाचली नाही. ॲप पुसल्याने वजावटीची संमती रद्द होत नाही. ती बँकेतून किंवा यूपीआयमधून वेगळी रद्द करावी लागते.

बँक म्हणाली, संमती तुमचीच आहे. पोलीस ठाण्यात सांगितले की सेवा मिळाली, मग फसवणूक कसली. ग्राहक मंचाकडे जा. तक्रार घेणाऱ्याने भरल्या खोलीत मोठ्याने विचारले, "मुलीला नेमकं काय झालंय?" सदस्यत्व सोडण्याची वाट अवघड करून ठेवणे ही अनुचित प्रथा ठरवणारी मार्गदर्शक तत्त्वे केंद्राने २०२३ मध्येच काढली आहेत, ती छापून नेली, तर कागद न उघडताच परत मिळाला. चार खिडक्या, तीन अर्ज आणि प्रत्येक ठिकाणी मुलीचे दुखणे पुन्हा पहिल्यापासून सांगायचे!

१४४१६ हा 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक २०२२ पासून विनामूल्य चालू आहे. तो मला ठाऊक नव्हता. मुलीने अखेर स्वतःच तिथे फोन केला आणि पलीकडच्या माणसाने तिचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेतले.

पैशांवर मी पाणी सोडले आहे. तिने त्या ॲपमध्ये लिहिलेले सगळे मात्र अजून त्यांच्याकडेच आहे. ते पुसून टाकावे म्हणून लेखी कळवून ४७ दिवस झाले, आणि उत्तर आलेले नाही.