लव्हेंडर खरंच होतं, तिथेच फसले

पुतणीनं श्रीखंडाचा पहिला चमचा तोंडात घातला आणि एक शब्द न बोलता वाटी ताटाच्या कडेला सारली. सातवा महिना, डोहाळजेवणाचा दिवस, समोर चाळीस बायका. पोर बिचारी गप्प बसली, पण आत्याबाईंना कसला आलाय संकोच? "अगं, श्रीखंडात साबण किसलायस की काय?"

चार किलो श्रीखंड होतं ते. रामबागेतल्या आमच्या घरातून मी गेली अकरा वर्षं श्रीखंड-बासुंदीच्या ऑर्डरी घेते. इतक्या वर्षांत वाटी परत आली नव्हती, आणि परत आली तीही घरच्याच कार्यात.

हल्ली डोहाळजेवणालासुद्धा रंग ठरवतात. आमचा ठरला जांभळा. त्याच आठवड्यात इथे इंदूरच्या एका प्रदर्शनात लव्हेंडरच्या वाळलेल्या जांभळ्या फुलांचा स्टॉल दिसला. २०२४ च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात सीएसआयआर या सरकारी विज्ञान-संशोधन संस्थेचा चित्ररथ जम्मू-काश्मीरच्या लव्हेंडर शेतीवर होता. त्याचा भला मोठा फोटो स्टॉलवाल्यानं मागे लावला होता. डोडा जिल्ह्यातल्या भद्रवाहला शेतकरी मका सोडून लव्हेंडरकडे वळले, हे मी वाचलेलं होतं. त्यामुळे तो "भाभीजी, असली कश्मीरी है, सूँघ के देखिए" म्हणाला तेव्हा मी त्याला पुढे काही विचारलंच नाही. वास तर असा की शेजारच्या लोणच्याच्या स्टॉलपर्यंत जात होता. खरं म्हणजे तिथेच शंका यायला हवी होती. वाळलेलं फूल इतकं ओरडत नाही.

दोनशे ग्रॅमचं पाकीट नऊशे रुपयांना, आणि तेलाची छोटी बाटली साडेसहाशेला. बाटली घेतली ती सासऱ्यांसाठी. अण्णांना रात्री झोप येत नाही. "दो बूँद दूध में, जर्मनी में डॉक्टर देते हैं." बिल मागितलं तर हातात व्हिजिटिंग कार्ड ठेवलं.

श्रीखंडात किती घालायचं, हेही त्यालाच विचारलं. "दो बड़े चम्मच पीसकर, रंग भी आएगा." रंग आला खरा. सुरेख जांभळा. चव घेताना मलाही जरा कडवट लागलं होतं, पण नव्या पदार्थाची चव अशीच असेल म्हणून मी साखर वाढवली. हा दोष माझा, तो मी त्याच्या माथी मारत नाही.

अण्णांचं म्हणाल तर दोन थेंब दुधात घेतल्यावर त्यांचा घसा जळजळला आणि रात्रभर साबणाचे ढेकर येत राहिले. सकाळी गल्लीतल्या डॉक्टरांनी बाटली हातात घेतली आणि आधी मलाच झाडलं: वास घ्यायचं तेल पोटात कशाला घातलं? जर्मनीची गोष्ट खोटी नव्हती. तिथे लव्हेंडर तेलाची ८० मिलिग्रॅमची मोजलेली कॅप्सूल अस्वस्थपणासाठी देतात. पण ते तेल ठरावीक दर्जाचं, मात्रा ठरलेली. प्रदर्शनातल्या बाटलीत काय आहे आणि थेंबात किती उतरतं, कोण सांगणार?

पाकीट घेऊन मी सियागंजच्या बाजारात आमच्या जुन्या काष्ठौषधीवाल्यांकडे गेले. त्यांनी चिमूटभर फुलं पेलाभर पाण्यात टाकली. पाचेक मिनिटांत पाणी जांभळं, वर तेलाचा पातळ तवंग. खऱ्या वाळलेल्या लव्हेंडरचं पाणी फिकट, पिवळट-हिरवट होतं. हा रंग वरून मारलेला, आणि वासही वरून फवारलेला. "भाभी, ये लव्हेंडर ही है, पर अलमारी में रखने का."

म्हणजे लव्हेंडर म्हणताना स्टॉलवाला खोटं बोललाच नव्हता. तेच मला सगळ्यात जास्त लागलं.

लव्हेंडर हे तुळस-पुदिन्याच्या कुळातलं झाड. स्वयंपाकात जाते ती अंगुस्तिफोलिया नावाची जात. तिच्यात कापूर नावापुरता असतो. लव्हेंडिन म्हणून तिचा एक संकर आहे. तेल भरपूर निघतं म्हणून साबण, अत्तरं, कपाटातल्या पुरचुंड्या यांसाठी तो स्वस्तात पिकवतात, आणि त्यात कापूर कितीतरी जास्त असतो. माझ्या श्रीखंडाला जो कडवट, डोक्यात जाणारा वास होता तो हाच. कापूर पोटात जाणं बरं नव्हे, आणि मी तो दोन पळ्या गर्भार मुलीच्या ताटात वाढला होता. एका चमच्यावर तिनं हात आखडला म्हणून निभावलं.

दुकानदारांनी मग त्यांची बरणी काढली. उस्तुखुद्दूस. युनानी हकीम डोकेदुखी, सर्दी-पडशाला वापरतात, त्याला मेंदूचा झाडू म्हणतात. तेही लव्हेंडरच, पण तिसरी जात. मी आशेनं विचारलं, हे श्रीखंडात? ते हसले. "ये दवा है, काढ़े में पड़ती है." गिऱ्हाईक समोर उभं असताना माल न विकणारा माणूस, त्या आठवड्यात मला फार मोठा वाटला.

कार्डावरचा नंबर लागला. तिकडून थंडपणे उत्तर आलं, पाकिटावर खायचं कुठे लिहिलंय? चष्मा लावून बघितलं. मागे, तळाला, बारीक अक्षरात 'सुवासासाठी' असं छापलेलं. खाण्याच्या प्रत्येक पाकिटावर असतो तो एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक कुठेच नव्हता. मी रोज चक्क्याच्या दुधाची पिशवी उलटसुलट वाचणारी बाई, इथे एकदाही पाकीट उलटं केलं नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण बिलाशिवाय माझ्याकडे दाखवायला कार्ड आणि पाकीट एवढंच आहे.

नंतर हट्टानं परवाना क्रमांक असलेलं, अंगुस्तिफोलिया लिहिलेलं पन्नास ग्रॅम मागवलं. अर्धा लिटर कोमट दुधात अर्धा चहाचा चमचा, दहा मिनिटं झाकून, गाळून. फुलं पदार्थात ठेवायची नाहीत. बासुंदीला मंद, गवतासारखा गोड वास आला. रंग अजिबात नाही. बरी लागली. वेलचीला मात्र सर नाही, हे माझं मत.

पहिल्या पाकिटातल्या उरलेल्या फुलांच्या मलमलच्या पुरचुंड्या करून स्वेटरच्या कपाटात ठेवल्यात. तिथे ती चोख काम करतात. अण्णा मात्र हल्ली स्वेटर स्वतः काढत नाहीत, मला काढायला सांगतात.