कुंपणाला काय लावायचं: कोनोकार्पस, मेंदी, अडुळसा की करवंद?

बडोद्यात नवी सोसायटी ताब्यात आली की कमिटीच्या पहिल्या काही बैठकांत कुंपणाचा विषय निघतोच. भिंत आहे, पण रस्त्याची धूळ येते, समोरच्या बिल्डिंगमधून सगळं दिसतं, काहीतरी हिरवं हवं. मग कुणीतरी म्हणतं, "कोनोकार्पस लावून टाका, वर्षात भिंतीच्या वर जाईल." ठरवण्याआधी बाकीच्या तीन झाडांचाही विचार करा. सोसायटीत पार्किंग आणि पेव्हर ब्लॉक सोडले तर सलग उघडी माती बहुतेक वेळा या कुंपणाच्या पट्ट्यातच उरते. पाखरांना, फुलपाखरांना, सरड्या-मुंगसांना आपण काही देऊ शकतो ते इथेच.

कोनोकार्पसची एक गोष्ट मान्य करायलाच हवी: तो झपाट्यानं वाढतो, बारा महिने हिरवा राहतो आणि खारट पाण्यावरही तगतो. तो मूळचा सोमालियाच्या किनाऱ्याकडचा, त्यामुळे हे गुण त्याच्या अंगातच आहेत. पण सप्टेंबर २०२३ मध्ये गुजरातच्या वनखात्यानं त्याची लागवड आणि रोपवाटिकेत रोपं तयार करणं, दोन्हींवर बंदी घातली. हिवाळ्यात तो फुलला की परागकण हवेत पसरून सर्दी, खोकला, दम्याचा त्रास होतो आणि खोल जाणारी मुळं केबल, ड्रेनेज व पाण्याच्या लाइनी बिघडवतात, ही कारणं खात्यानं दिली. म्हणजे निम्मा निर्णय झालेलाच आहे. बंदी नसती तरी मी त्याला नकोच म्हटलं असतं. त्याला गराचं फळ धरत नाही, सुकी बोंडं येतात. बुलबुलानं तिथे खायला काय यावं? शिवाय कात्री थांबली की तो सरळ मोठं झाड होतो, म्हणजे माळ्याचा खर्च कायमचा.

मेंदी सगळ्यांच्या ओळखीची. जुन्या बंगल्यांच्या कंपाउंडला हीच असायची. पावसाळ्यात फांद्या खोचल्या तरी जगतात, एकदा रुजली की उन्हाळ्यात पाणी कमी पडलं तरी तग धरते, गुरं सहसा तोंड लावत नाहीत. मूळची ती इथलीच असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही, पण पिढ्यान्‌पिढ्या रुळलेली आहे. तिला सतत चौकोनी छाटू नका. छाटत राहिलात तर फुलं येणारच नाहीत, आणि तिचा घमघमाट व त्यावर येणाऱ्या मधमाश्या हीच तर तिची कमाई.

बिल्डिंगच्या सावलीत, जिथे ऊन निम्माच दिवस येतं, तिथे अडुळसा. हाही फांदीवरून लागतो आणि पानं कडू म्हणून शेळ्या टाळतात. घरात कुणाला खोकला झाला की पानं हाताशी, हा वरचा फायदा. थंडीत तो फुलला की जवळ जाऊन बघा. पांढऱ्या फुलाच्या खालच्या ओठावर जांभळट रेघा असतात. काळा भुंगा त्या ओठावर उतरतो, डोकं आत खुपसतो, आणि फुलाचं वरचं टोपण त्याच्या पाठीला पराग फासतं. फूल त्याच्या वजनानं वाकतं, तो उडाला की परत सरळ होतं.

माझं मत करवंदाच्या बाजूनं आहे. ते सावकाश वाढतं, दाट कुंपण व्हायला तीनेक वर्षं लागतात, आणि काटे असे की माळी कुरकुरणारच. लहान मुलं खेळतात तिथे किंवा पायवाटेच्या अगदी कडेला ते लावू नका, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण मागच्या आणि रस्त्याकडच्या बाजूला त्याच्यासारखं राखणदार झुडूप नाही. त्याच काट्यांच्या आत बुलबुल घरटं बांधतो, कारण मांजर तिथवर पोचत नाही. जाईसारखी पांढरी फुलं येतात, मग फळं. निम्मी पाखरांना सोडली तरी लोणच्यापुरती उरतात, आणि शेजारच्या गुजराती काकी करमदां-मरचांसाठी टोपली घेऊन येतातच. दोन-अडीच फुटांवर एक रोप पुरतं. फक्त पाणी साचतं तिथे लावू नका. काळ्या मातीत आधी थोडा उंचवटा करून घ्या.

तुमची मागची भिंत बडोद्यातल्या मगरींच्या विश्वामित्री नदीच्या कोतराला, म्हणजे काठच्या घळीला, लागून असेल तर प्रश्नच वेगळा. करवंद मगरीला अडवत नाही. ऑगस्ट २०२४ च्या पुरात मगरी वस्त्यांत शिरल्याच होत्या, तेव्हा तिथे पक्की भिंत किंवा मजबूत जाळी हवी. भिंतीपलीकडचा काठ मात्र साफ करून, माती टाकून "सुशोभित" करायचा मोह टाळा. मगर त्याच मातीच्या काठात बिळं करते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी तिथेच अंडी घालते. तिथलं गवत आणि झुडपं आहेत तशी राहू द्या.

कोनोकार्पस आधीच उभा असेल तर एका दमात सगळा तोडू नका, भिंत उघडी पडेल आणि रहिवासी ओरडतील. मोठी झाडं असतील तर महानगरपालिकेकडे परवानगीची चौकशी करा. दिवाळीनंतर, घरटी नाहीत हे बघून, एका बाजूची रांग काढा. खोडं मुळासकट खणा, नाहीतर पुन्हा फुटतात. पहिल्या पावसात तिथे करवंद आणि अडुळसा लावा, ते कमरेएवढे झाले की दुसरी बाजू घ्या. रोपांना पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावंच लागेल, तेवढी तरतूद मेंटेनन्सच्या बजेटमध्ये आत्ताच धरून ठेवा.