एमजीबीचं हेरिटेज सर्टिफिकेट: पैसे घालावेत का?

यूकेत राहून जुनी एमजी, ट्रायम्फ, ऑस्टिन-हीली असली एखादी ब्रिटिश गाडी घेतली असेल आणि आता खोलून नीट करायची असेल, तर पहिला पाना लावायच्या आधी गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममधून हेरिटेज सर्टिफिकेट मागवा. कारखान्यांची जुनी प्रॉडक्शन रेकॉर्ड्स त्यांच्या ट्रस्टकडे आहेत, चेसिस नंबर द्यायचा, ते नोंद शोधून छापून पाठवतात. माझ्याकडून पाचपैकी चार.

माझी १९६३ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजीची उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. विकणारा म्हणाला इंजिन ओरिजिनल, लाल रंग ओरिजिनल, मालक फक्त दोन. मी भाव लावला तो खालचा पत्रा बघून, त्यामुळे त्याच्या गप्पांचे पैसे पडले नाहीत, पण कागद आला तेव्हा मजा आली. गाडी कारखान्यातून निघाली ती आयरिस ब्लू! इंजिन नंबरची सुरुवात कागदावर १८जी आणि बॉनेट उघडून बघितलं तर १८जीबी. १८जीबी म्हणजे पाच बेअरिंगच्या क्रँकवालं (क्रँक म्हणजे इंजिनातला मुख्य फिरता दांडा), ते आलंच ऑक्टोबर १९६४ मध्ये, म्हणजे मधे कुणीतरी अख्खं इंजिनच बदललंय. आता हे वाईट नाही हं, तीन बेअरिंगवाल्यापेक्षा हे दणकट, मी तेच ठेवणार. रंग मात्र परत निळा. आणि हीटर तेव्हा जादा पैसे देऊन घ्यायची गोष्ट होती, इंग्लंडच्या थंडीत, कमाल आहे! माझ्या गाडीला तो फॅक्टरीतूनच आहे, वायर व्हील्स (तारांची चाकं) मात्र नंतर कुणीतरी हौसेने चढवलेली.

एक मार्क कापला कारण हा जन्मदाखला आहे, सातबारा नाही. ॲबिंग्डनच्या कारखान्याच्या गेटातून बाहेर पडल्यावर गाडी कुणाच्या नावावर गेली, कुठे ठोकली, वेल्डिंग कुणी केलं, यातलं काहीही त्यात नसतं. ते तुम्हालाच शोधायचं. व्ही५सीवर, म्हणजे आताच्या नोंदणीच्या कागदावर, आधीच्या कीपर्सचा (गाडी ज्यांच्या नावावर होती त्यांचा) नुसता आकडा असतो, पण फाईलमध्ये जुनं लॉगबुक, म्हणजे पूर्वीचं नोंदणी पुस्तक, सापडलं तर सोनं, त्यात नावं असतात शिक्क्यांसकट. माझ्या लॉगबुकात पाच नावं निघाली, दोन मालक म्हणे! २००५ नंतरची एमओटी (गाडीची वार्षिक तपासणी) ऑनलाइन फुकट बघता येते, ती पण बघा, मायलेजची गंमत तिथेच कळते.

'फुल्ली रिस्टोअर्ड' म्हणणाऱ्याकडे बिलं आणि काम चालू असतानाचे फोटो मागायचे, खास करून सिल्सचे, म्हणजे दारांखालच्या पत्र्याच्या पट्ट्यांचे. एमजीबीला वेगळी चेसिस फ्रेम नसते, सगळा भार बॉडीवर आणि त्यात सिल्सवर जास्त, आणि आतला पत्रा कुजलेला असताना वरून नवीन सिल मारून रंग चढवणारे इथे पण भरपूर आहेत. लोहचुंबक फिरवा, लांबी (पुट्टी) जाड भरली असेल तिथे धरत नाही. शिवाय १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज नावाची कंपनी एमजीबीची अख्खी नवी बॉडी बनवून विकते, तीसुद्धा मूळ टूलिंगवर (साच्यांवर), म्हणजे पत्रा चकाचक असला तर तो १९६३ चाच असेल असं नाही, आणि सर्टिफिकेटवर हे कळणार नाही.

तरी घ्याच. रंग आणि ट्रिम (आतली सजावट) काय ठेवायचं यावर घरात होणारे वाद तरी मिटतात. जॅग्वारवाल्यांनी मात्र इथे अर्ज करू नये, त्यांचा ट्रस्ट वेगळा आहे.