नववी-दहावीचं गणित: तयार व्हिडिओ, जिओजेब्रा की स्प्रेडशीट?

शाळेत एक प्रोजेक्टर आहे, संगणक कक्षातली काही जुनी यंत्रं अजून चालतात, आणि यंदा ती गणितासाठी वापरायची ठरलंय. तयार व्हिडिओ-धड्यांचा संच विकत घ्यायच्या आधी जरा थांबा. माझ्या मते फुकट मिळणाऱ्या दोन गोष्टी त्याहून कितीतरी जास्त कामाच्या आहेत: जिओजेब्रा, म्हणजे आकृती काढून ती माउसने हलवता येणारं गणिताचं सॉफ्टवेअर, आणि स्प्रेडशीट, म्हणजे ओळी-स्तंभांत आकडेमोड करणारा तक्ता.

व्हिडिओंची जमेची बाजू खरी आहे. शिक्षकांना नवीन काही शिकावं लागत नाही. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा अ‍ॅपवर पाठाचं साहित्य मिळतं, आणि तास बुडलेल्या मुलाला घरी उजळणीसाठी ते उत्तमच. वर्गात मात्र मुलं नुसती बघत बसतात. "सर, हा बिंदू खाली आणला तर?" असं कुणी विचारलं, तर व्हिडिओ तिथेच संपतो.

जिओजेब्रात तोच प्रश्न तासाची सुरुवात ठरतो. ऑस्ट्रियात मार्कुस होहेनवार्टर यांनी 2001 मध्ये हे सॉफ्टवेअर बनवायला सुरुवात केली. शाळांना ते मोफत मिळतं, आणि एकदा संगणकावर घेतलं की इंटरनेट लागत नाही. केरळने तर शाळांसाठी तयार केलेल्या लिनक्स या संगणक प्रणालीतच ते घालून दिलंय.

दहावीचं वर्तुळाचं प्रकरण घ्या. जीवा एबी काढा, मोठ्या कंसावर बिंदू सी घ्या, कोन एसीबी मोजा. समजा 50° आला. सी त्या कंसावर कुठेही फिरवा, आकडा ढिम्म हलत नाही. आता हात थांबवा आणि विचारा, सी जीवेच्या पलीकडे गेला तर? प्रत्येकाला वहीत अंदाज लिहू द्या, मगच माउस एखाद्या मुलीच्या हाती द्या. 130° आले की चक्रीय चौकोनाचं प्रमेय (समोरासमोरच्या कोनांची बेरीज 180°) मुलंच बोलून दाखवतात. एक काळजी घ्या: कोनाच्या सेटिंगमध्ये 0° ते 180° हा पर्याय आधी निवडून ठेवा, नाहीतर ऐन वेळी 130 च्या जागी 230 दिसतं आणि सगळा तास भरकटतो.

अर्थात, ओढून पाहणं म्हणजे सिद्धता नव्हे. ती फळ्यावर आणि वहीत करावीच लागते. भौमितिक रचनांसाठी तर मी जिओजेब्रा शेवटी वापरायला सांगेन. तिथे स्पर्शिका एका क्लिकवर निघते, परीक्षेत कंपास लागतो.

सांख्यिकी, संभाव्यता आणि अर्थनियोजन यांना मात्र स्प्रेडशीटच बरी. लिब्रेऑफिस कॅल्क मोफत आहे. 1 ते 6 मधली यादृच्छिक संख्या देणारं सूत्र हजार ओळींत उतरवा, सहा किती वेळा आला ते मोजा, आणि एफ9 दाबत राहा, दर वेळी नव्या संख्या येतात. आकडा 167 च्या (हजाराच्या सहाव्या भागाच्या) आसपास हेलकावे खातो, पण नेमका 167 क्वचितच येतो. मग फक्त तीसच ओळी ठेवून पाहा. एकूण ओळींच्या मानाने हेलकावे केवढे वाढतात ते मुलांना लगेच दिसतं.

नुसते आलेखच काढायचे असतील आणि इंटरनेट भरवशाचं असेल, तर डेसमॉस हे आलेख काढायचं संकेतस्थळ सर्वांत सोपं.

एकच प्रोजेक्टर असेल तर जिओजेब्राने, तेही फक्त वर्तुळाच्या प्रकरणापासून सुरुवात करा. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात ते शिकवणारे मोफत पाठ आहेत, शिक्षकांनी सुट्टीतच ते करून घ्यावेत.