देवाने मारायला सांगितलं तर? या प्रश्नावरचा एक ऑडिओ कोर्स

कोर्स घ्यावा का, असं विचाराल तर घ्या, पण पहिलं व्याख्यान सरळ सोडून द्या. त्यात वक्ते ‘ते आपण पुढे पाहूच’ इतक्या वेळा म्हणतात की पुढचं पाहायची इच्छाच उरत नाही. विषय मात्र एकच आणि नेमका: देवाने एखाद्याला ठार मारायची आज्ञा दिली, तर ती पाळावी का?

मी मनोरुग्ण विभागात नर्स आहे. ‘देव सांगतोय’ म्हणणारी माणसं माझ्यासमोर बसलेली असतात, त्यामुळे मी हे जरा कान टवकारूनच ऐकलं.

खरा कोर्स दुसऱ्या व्याख्यानापासून सुरू होतो. बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाचा 22 वा अध्याय, म्हणजे देव अब्राहामाला स्वतःच्या मुलाचा बळी द्यायला सांगतो ती गोष्ट, वक्त्यांनी घाई न करता सांगितलीय. होमाची लाकडं मुलाच्याच अंगावर, विस्तव आणि सुरी बापाच्या हातात, आणि चालता चालता मुलगा विचारतो, होमासाठी कोकरू कुठे आहे? मग वक्ते चार अध्याय मागे जातात. सदोम नगराचा नाश होऊ नये म्हणून हाच अब्राहाम देवाशी चक्क घासाघीस करतो, पन्नास नीतिमान माणसांपासून दहांपर्यंत खाली उतरवतो. पोटच्या पोरासाठी मात्र एक शब्द नाही. इतकी वर्षं ही गोष्ट माहीत असून हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. कुराणात बाप मुलाला स्वप्न सांगून ‘तुझं काय मत?’ असं विचारतो, हा फरकही छान उलगडलाय.

किर्केगार्द या डॅनिश तत्त्वज्ञावरचा भाग मला जड गेला. श्रद्धेपुढे नीती बाजूला ठेवता येते का, हा त्याचा प्रश्न समजला, पण वक्ते त्याच्याच शब्दांत गोल गोल फिरत राहतात. त्यानंतर जर्मन तत्त्वज्ञ कांट येतो आणि हवा मोकळी होते. 1798 मध्ये त्याने लिहिलं की अब्राहामाने असं उत्तर द्यायला हवं होतं: माझ्या चांगल्या मुलाला मी मारू नये हे मला पक्कं ठाऊक आहे, तू देव आहेस हे मात्र पक्कं ठाऊक नाही. मला विचाराल तर वाद इथेच मिटतो. ‘आज्ञा खरोखर देवाचीच असेल तर?’ हा प्रश्न वर्गात शोभतो. ज्याच्या कानात आवाज येतो त्याच्याकडे ते ‘खरोखर’ तपासायचं कोणतंच साधन नसतं. आवाज कितीही स्पष्ट असला आणि मन कितीही भरून आलं, तरी तो पुरावा होत नाही.

कायद्याचं व्याख्यान सगळ्यात सरस. किर्केगार्दचं अब्राहामावरचं पुस्तक 1843 चं, आणि इंग्लंडमधला डॅनियल मॅकनॉटनचा खुनाचा खटलाही त्याच वर्षीचा. आपण करतोय ते चूक आहे हे आरोपीला मानसिक आजारामुळे कळत नव्हतं का, ही कसोटी त्यातून आली. मग अडचण उभी राहते: कायद्याने गुन्हा आहे हे माहीत आहे, पण देवानेच सांगितलंय अशी खात्री आहे, तर? 1915 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात देवाच्या आज्ञेने खून केला असं सांगणाऱ्या हान्स श्मिट या पाद्र्याच्या प्रकरणात न्यायमूर्ती कार्डोझो यांनी म्हटलं की अशी भ्रमित खात्री खरी असेल, तर त्या माणसाला ‘चूक कळत होती’ म्हणता येणार नाही. श्मिटने मात्र वेडाचं सोंग घेतल्याची कबुली स्वतःच दिली होती. त्याची शिक्षा कायम राहिली.

आता तक्रारी. आवाज ऐकणाऱ्यांना वक्ते सरसकट ‘माथेफिरू’ म्हणतात, हे मला अजिबात पटलं नाही. असे आवाज ऐकणारी बहुतेक माणसं कुणाला इजा करत नाहीत, भीतीने स्वतःच अर्धमेली झालेली असतात. आम्ही त्यांना शांतपणे विचारतो: आवाज काय सांगतो, कुणाबद्दल सांगतो, नाही ऐकलं तर काय होईल असं वाटतं? एवढे तीन प्रश्न जरी कोर्समध्ये असते, तरी घरच्या लोकांना उपयोग झाला असता.

दुसरं म्हणजे, मराठीत कोर्स करून श्रियाळ-चांगुणेचं नावही नाही! शिवलीलामृतात अतिथी बनून आलेला शंकर त्यांच्या चिलयाचंच मांस मागतो आणि आईबाप ते देतात. शेवटी देव मूल परत देतो, तसा अब्राहामाला मोरियाच्या डोंगरावर मुलाऐवजी बळी द्यायला एडका सापडतो. शेवट गोड असल्यामुळे आपण आज्ञेकडे डोळेझाक करतो, यावर एक अख्खं व्याख्यान झालं असतं. बायबलमधल्याच शास्ते या पुस्तकात बापाच्या नवसापायी बळी जाणाऱ्या इफ्ताहच्या मुलीसाठी कुणी एडका पाठवत नाही, पण तिचाही ओझरताच उल्लेख.

उपशीर्षकं बंद करूनच ऐका. ती आपोआप तयार होतात आणि ‘कांट म्हणतो’चं ‘कानात म्हणतो’ करतात. या विषयात तेवढं तरी नको होतं.

पाचपैकी साडेतीन. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी कायद्याचं शेवटचं व्याख्यान आधी ऐकलं तरी चालेल. घरात कुणाला असे आवाज येत असतील, तर त्यांना हा कोर्स ऐकवत बसू नका, आधी डॉक्टरांकडे न्या.