सिंहगडावर स्काउट पथकाचा दीक्षाविधी आणि पिठलं-भाकरीची पंगत: जागा कशी आहे?

दीक्षाविधी (नव्या मुलांनी स्काउटचं वचन घेण्याचा समारंभ) आणि त्यानंतरचं जेवण एकाच रम्य ठिकाणी व्हावं, असं बहुतेक पथकांना वाटतं. पुण्याकडच्या पथकांसाठी त्याला सिंहगडासारखी जागा नाही. अट एवढीच, की कार्यक्रम सकाळचा हवा आणि भाकऱ्या आदल्या दिवशी सांगून ठेवलेल्या हव्यात. यातली एक गोष्ट चुकली तरी मुलं उन्हात उपाशी ताटकळतात, मग समोरचा देखावा कितीही सुंदर असो.

गड सुमारे १,३०० मीटर उंच आहे. नैऋत्येला तोरणा-राजगड, उत्तरेकडे खाली खडकवासल्याचं पाणी. दीक्षाविधीसाठी ध्वजस्तंभ पश्चिमेच्या अंगाला रोवावा. सकाळी सूर्य मुलांच्या पाठीशी राहतो, त्यामुळे वचन घेताना डोळे किलकिले होत नाहीत. हवा स्वच्छ असेल तर ध्वजाच्या डावीकडे तोरणा-राजगड उभे दिसतात. उलट दिशेला स्तंभ लावला तर निम्मी मुलं कपाळाला हात लावून उभी राहतात आणि तो हात सलामीचा आहे की उन्हासाठीचा, ते कळत नाही.

२४ मुलांचा नालाकृती व्यूह (घोड्याच्या नालेसारखी रांग) करायला साधारण ८ मीटर रुंद आणि ६ मीटर खोल सपाट जागा पुरते. ती कड्यापासून चांगली आत निवडा. काठावर वारा इतका असतो की संघनायकाची (पथकातल्या छोट्या गटाच्या म्होरक्याची) आज्ञा शेवटच्या मुलापर्यंत पोचत नाही. घडी घातलेला ध्वज दोरी ओढायच्या आधीच उलगडण्याचं कारणही बहुतेक वेळा वाराच असतो. म्हणून सरकगाठीची घडी सपाटीवर घालतो त्यापेक्षा एक वळसा जास्त घट्ट बांधा आणि खालून एकदा ओढून बघा. स्तंभ जमिनीत खणून रोवू नका. गड संरक्षित स्मारक आहे, आणि वनखात्याचाही संबंध येतो. तीन ताणदोऱ्या आणि दगड भरलेल्या पोत्यांवर हलका बांबू नीट उभा राहतो. ध्वनिक्षेपक लावायचा असेल तर परवानगी आधी घ्या. खरं तर एवढ्या मुलांना त्याची गरज नसते.

तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीपाशी मात्र विधी मांडू नये. तिथे रांगेने जाऊन वंदन करावं आणि परत यावं. ४ फेब्रुवारीच्या आसपासची तारीखही टाळलेली बरी, १६७० च्या लढाईच्या स्मृतीसाठी त्या दिवसांत गडावर गर्दी असते.

आता जेवण. गडावर जेवण करून देणारी बहुतेक घेऱ्यातल्या, म्हणजे गडाभोवतालच्या गावांतली कुटुंबं आहेत, आणि चुलीवरची भाकरी, पिठलं, वांग्याचं भरीत, ठेचा, कांदा, ताक हे ताट अजूनही मनापासून चांगलं मिळतं. पिठलं पातळ सांगा. घट्ट पिठलं वाट बघताना थिजतं आणि मुलांच्या घशाखाली उतरत नाही. ४० जणांना दीड ते दोन किलो बेसनाचं पिठलं पुरतं. ठेचा ताटात न वाढता वेगळ्या वाटीत ठेवायला सांगा, लहान मुलं तो चटणी समजून मोठा घास घेतात.

खरं गणित भाकरीचं आहे. चढून आलेला बारा-तेरा वर्षांचा मुलगा दोन भाकऱ्या सहज खातो, म्हणजे ४० जणांच्या ८०. सराईत बाई एका चुलीवर तासाला २५ ते ३० भाकऱ्या करते. एकाच चुलीवर हे काम टाकलं तर तीन तास लागतात, आणि आधी करून ठेवलेली भाकरी गार होऊन वातड होते. म्हणून शेजारशेजारच्या दोन ठिकाणी मिळून सांगावं आणि वीस-वीसच्या दोन पंगती बसवाव्यात. पहिल्या पंगतीच्या तासभर आधी चुली पेटलेल्या हव्यात. कांदाभजी मुलं बसल्यावरच तळायला सांगा, चौघांत एक बशी. आधी तळली की मुलं त्यावरच पोट भरतात.

दर ताटावर ठरवा आणि जास्तीची भाकरी, ताक त्यात धरलंय का हे तोंडावर विचारून घ्या. नंतरची कुरबुर नेमकी इथेच होते. पैसे रोख ठेवा, फोनच्या रेंजवर विसंबू नका. २०२५ मध्ये गडावरची अनधिकृत बांधकामं हटवली गेली, त्यामुळे जुन्या ओळखीवर आणि जुन्या नंबरवर जाऊ नका. आठवडाभर आधी कुणीतरी एकाने प्रत्यक्ष वर जाऊन सांगून यावं.

उणिवा खऱ्या आहेत. गर्दीच्या दिवशी स्वच्छतागृहं अपुरी पडतात, गाइड मुली सोबत असतील तर हे विशेष ध्यानात घ्या. हात धुवायला पाणी थोडं, तेव्हा दोन मुलांना तांब्या देऊन ओळीने हात धुवायला लावा. पिण्याचं पाणी माणशी दोन लिटर खालूनच न्यावं. गडावरच्या देवटाक्याचं पाणी नावाजलेलं असलं तरी मुलांना थेट पाजू नये. शनिवार-रविवारी गोळेवाडीच्या नाक्यापासून घाटात वाहनं अडकतात आणि मोठी बस घाटात नेण्यात अर्थ नाही. बस पायथ्याच्या आतकरवाडीत थांबवा, मुलांना पायवाटेने चढवा. सहाला निघालात तर दमादमाने दोन तासांत वर. पालक आणि पाहुणे गाडीने येतील. स्कार्फ आणि वॉगल (स्कार्फ अडकवायचं कडं) चढताना घालू देऊ नका, वर पोचल्यावर घाम पुसून मगच. नवदीक्षितांचे स्कार्फ वेगळ्या तबकात.

पावसाळ्यात हा बेत करूच नये. धुक्यात राजगड काय, समोरचा ध्वजही दिसत नाही, आणि दरडींमुळे घाट बंद होतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हाच काळ. कपारींतल्या आग्या मोहोळांमुळे धूर आणि अत्तर दोन्ही टाळा. शेकोटी हा कार्यक्रमाचा गाभा असेल तर सिंहगड सोडा. गडावर मुक्काम करता येत नाही, त्यापेक्षा पानशेतच्या बाजूचं एखादं कृषी पर्यटन केंद्र घ्या. तिथे पाण्याचा देखावा मिळतो, रात्रही मिळते, फक्त ही भाकरी मिळत नाही.

मटक्यातलं दही शेवटी घ्या. रिकामी मडकी उतारावर भिरकावण्याची वाईट सवय गडावर दिसते, म्हणून प्रत्येक संघनायकाने आपल्या संघाची मडकी मोजून दहीवाल्या मावशींकडे परत द्यावीत. विधी नऊला, पहिली पंगत साडेदहाला, आणि साडेबाराच्या आत पुणे दरवाजातून खाली.