मिसरी की पेस्ट?

कोल्हापूर भागात आजही कितीतरी घरांत सकाळी दोन्ही दिसतात: सुनेच्या हातात ब्रश आणि सासूबाईंच्या बोटावर मिसरी. "मिसरीनं दात घट्ट राहतात," असं आत्याबाई-मावश्या ठामपणे सांगतात, म्हणून नीट बघूया.

मिसरी म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजून कुटलेली तंबाखू. लावली की दुखणं दबल्यासारखं वाटतं, पण दाताची कीड आत वाढतच राहते. रोज घासून हिरड्या मागे सरतात, मुळं उघडी पडतात, गार पाणी लागलं की कळ येते. निकोटीनमुळे ती दिवसातून अनेकदा लावावीशी वाटते. सगळ्यात वाईट म्हणजे तिच्यामुळे तोंडाचा कॅन्सर होऊ शकतो. गालात किंवा जिभेवर पांढरा चट्टा, दोन आठवडे न भरणारी जखम दिसली तर लगेच डॉक्टरांना दाखवा.

पेस्टचं काम वेगळं. गूळ, ऊस, चहाची साखर तोंडातले जंतू खातात आणि आम्ल तयार करतात, त्यानं दाताचा वरचा कडक थर झिजतो. पेस्टमधलं फ्लोराइड तो थर पुन्हा मजबूत करतं. मऊ ब्रश, दोन वेळा, दोन-दोन मिनिटं. रात्रीचं घासणं तर चुकवूच नका, कारण झोपेत लाळ कमी होते. नंतर फेस थुंका, खळखळून चूळ भरू नका. तीन ते सहा वर्षांच्या पोराला वाटाण्याएवढी पेस्ट पुरे.

माझं मत स्पष्ट आहे: पेस्टच. पण आईची मिसरी रागावून सुटणार नाही. व्यसनमुक्तीसाठी 1800-11-2356 ही मोफत हेल्पलाइन आहे, फोन तुम्हीच लावून द्या.